दुभता बांध

पासष्ट वर्षांत मोदेस्ताला कोणी चोर म्हटलं नव्हतं. तोंडाची फटकळ म्हणत, कजाग म्हणत, ओबुशेरा, म्हणजे ज्वारीची पेज, पातळ करते म्हणून पाहुणे पाठीमागे नावं ठेवत. पण दुसऱ्याची शेळी तिच्या अंगणात शिरली तर ती आधी शेळीला बांधायची, पाला घालायची आणि मगच मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. म्हणून त्या मंगळवारी चर्चच्या पडवीत चाळीस माणसांनी एकदम तिच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा आपल्या मागे कोण येऊन उभं राहिलंय हे बघायला तिनंही मान वळवली. मागे भिंत होती.

झालं होतं असं, की विद्यापीठातली प्रोविया नावाची मुलगी गेल्या पावसानंतर आमच्या टेकडीवर आली होती. तिच्याजवळ एक लोखंडी नळी होती. ती नळी जमिनीत फिरवत घुसवायची, वर आलेली माती पिशवीत भरायची, पिशवीवर आकडा घालायचा, असं तिनं टेकडीच्या माथ्यावरच्या निलगिरीपासून खालच्या लव्हाळ्याच्या दलदलीपर्यंत केलं. मोदेस्तानं तिला उकडलेली रताळी दिली होती आणि विचारलं होतं, "माती काय विकायला नेतेस गं?" मुलगी हसली होती. आता ती निकाल घेऊन परत आली होती आणि पडवीच्या भिंतीवर तिनं एक मोठा कागद लावला होता. कागदावर टेकडी काढलेली होती, पायऱ्या पायऱ्यांची, प्रत्येक पायरी म्हणजे एक वावर.

"मातीचा काळेपणा म्हणजे तिच्यातला कर्ब," प्रोविया सांगत होती. "मुळं कुजतात, पाला कुजतो, शेण कुजतं, त्याचा. नत्र त्याच्याच सोबतीनं राहतं. कर्ब गेला की नत्रही जातं, आणि मग शेंगा धरत नाहीत." तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे कबारेबे आजोबांचं वावर. वरच्या कडेला कर्ब अगदी थोडा. खाली बांधाजवळ त्याच्या तिप्पट. हे सगळ्याच पायऱ्यांवर असतं. कुदळ माती खाली ओढते, पाऊस बारीक माती खाली नेतो, आणि बांध ती अडवतो."

"बरोबर," म्हातारे म्हणाले. हे त्यांना ठाऊकच होतं, फक्त कोणी कागदावर काढून दाखवलं नव्हतं.

"पण हे मला कळलं नाही." प्रोवियाचं बोट एक पायरी खाली आलं. "हे मोदेस्ता आजींचं वावर. इथं वरच्या कडेला, बांधाच्या अगदी पायथ्याशी, माती गरीब असायला हवी होती. तर तिथं वावराच्या खालच्या कडेइतकाच कर्ब आहे. दोनदा तपासलं. कुठून आला असेल?"

पुढच्या बाकावरून कबारेबे उठला. मोदेस्ताचा हा मोठा दीर, सत्तरी ओलांडलेला. उठायला त्याला वेळ लागतो, त्यामुळे तो उठला की काहीतरी होणार हे सगळ्यांना आधीच कळतं.

"मला कळलं," तो म्हणाला. "ती माझी माती आहे."

आणि तेव्हा चाळीस माणसं वळली.

आता मोदेस्ता काय करत होती ते सांगायला हवं, कारण ती ते लपून करत नव्हती. दर पेरणीआधी ती कुदळ घेऊन आपल्या वावराच्या वरच्या अंगाला जायची. तिथं कबारेबेच्या बांधाची उभी भिंत. ती खालून वीतभर कोरायची, काळी भुसभुशीत माती भसाभसा खाली पडायची, आणि ती माती ती आपल्या वावराच्या लाल, रोडक्या पट्ट्यावर पसरायची. अठराव्या वर्षी नवरी होऊन आली त्याच साली सासूनं तिला हे शिकवलं होतं. "हा बांध दुभता आहे," सासू म्हणाली होती. "वीतभर काढ, पुढच्या पेरणीपर्यंत परत भरतो. जास्त काढू नकोस, आटेल." मोदेस्तानं कधी वितीपेक्षा जास्त काढली नाही. गाईची धार काढावी तशी नेमानं काढली, वर्षातून दोनदा, सत्तेचाळीस वर्षं. तिच्या घेवड्याच्या शेंगा टेकडीवर नावाजलेल्या होत्या आणि त्याचा तिला मनस्वी अभिमान होता.

"दादा, ती बांधाची माती आहे," ती पडवीत म्हणाली. "बांध देतो, मी घेते."

"बांध देतो! बांध काय तुझा मामा लागतो?"

"तुमच्या आईनंच शिकवलं मला!"

"आईनं शिकवलं म्हणून माझी जमीन तुझी झाली? पूर्वी त्या बांधावरून दोन माणसं शेजारीशेजारी चालायची. आता शेळी घसरते!" कबारेबेनं काठी आपटली. काठी त्याच्या बापाची होती. "बापानं तिघा भावांना बारा बारा काठ्या दिल्या. ह्याच काठीनं मोजून. आज माझ्याकडे दहासुद्धा नसतील. मोजा आणि माझ्या दोन काठ्या मला परत द्या. मोजल्यावर मग सगळ्यांनी ठरवा, चोर कोण ते."

गावचा चेअरमन बितारिहो हा सगळ्यांना खूश ठेवण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. त्यानं शनिवार ठरवला. जो चुकेल त्यानं ज्वारीच्या दारूचा रांजण द्यायचा आणि दोन काठ्या सोडायच्या. बिचारी प्रोविया कागद गुंडाळत राहिली. आपण नेमकं काय केलं, हे तिलाही कळेना.

दोन काठ्या म्हणजे वावराचा सहावा हिस्सा, आणि तोही वरचा, जो मोदेस्तानं सत्तेचाळीस वर्षं काळ्या मातीचं पांघरूण घालून जगवला होता. पण तिला खरं लागलं ते दुसरंच. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली. आपण चोर आहोत का? चोराला चोरी करताना ठाऊक असतं ना? मग ठाऊक नसताना सत्तेचाळीस वर्षं केलेल्या गोष्टीला काय म्हणतात? तिनं शेळीला विचारलं. शेळीनं पाला खाल्ला.

बांध परत भरतो, हे खोटं नव्हतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तो कशानं भरतो? पोरगी म्हणते, वरून येते माती. आता वरून पाणी येतं, दगड येतात, दारू प्यायलेली माणसं येतात. पण माती कशी येईल? माती तर जागच्या जागी असते, म्हणून तर तिला जमीन म्हणायचं. तिचं डोकं चालेना.

बुधवारी ती चुलीतली राख टोपलीभर घेऊन वावरात गेली. वावराच्या मध्यावर, आडवी, तिनं राखेची पांढरी रेघ ओढली. मग नेहमीसारखी खणायला लागली. आमच्याकडे कुदळ मारायची ती डोंगराकडे तोंड करून, दरीकडे पाठ करून. कुदळ वर टाकायची आणि माती स्वतःकडे ओढायची. उलट उभं राहून खणणाऱ्याला लोक हसतात, आणि कंबरही धरते. रेघेच्या वर-खाली खणून झाल्यावर मोदेस्तानं पाहिलं, तर राख विस्कटून जवळजवळ हातभर खाली आली होती. एका खणणीत हातभर! वर्षाच्या दोन खणण्या. तिनं बोटांवर मोजलं, बोटं संपली, तिनं मोजणं सोडून दिलं.

म्हणजे बांध देत नव्हता. कबारेबे स्वतःच्या हातानं माती ओढून ओढून बांधापर्यंत आणून देत होता आणि ती उचलत होती.

पण मग तिच्या मनात दुसरंच आलं. माझीही माती अशीच खाली जात असणार. ती कुठं आहे?

ती वावराच्या खालच्या कडेला गेली आणि ओणवून बघितलं. तिचा स्वतःचा बांध खालून पोखरलेला होता. कुदळीचे घाव ताजे. खालचं वावर तिच्या थोरल्या मुलाचं, आजोबानं त्यालाही बारा काठ्या मोजून दिलेलं, आणि मुलगा कंपालाला मोटारसायकल चालवतो, म्हणून ते वावर कसते सून एवास.

"एवाऽस!" ती अशी ओरडली की पलीकडच्या टेकडीवरच्या बायका खणायच्या थांबल्या.

एवास घेवडा निवडत होती. सूप ठेवून आली.

"हे काय? माझा बांध कोरतेस?"

एवासनं बांधाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. तिला काही कळेना. "हो की. वीतभरच काढलाय, आई. जास्त नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच नाही का? लग्न होऊन आले त्या वर्षी. दुभता आहे म्हणालात. जास्त काढू नकोस, आटेल, म्हणालात."

मोदेस्ताच्या तोंडात एवढ्या शिव्या गोळा झाल्या होत्या. त्यातली एकही कामाला येईना. ती तशीच वळली आणि घरी गेली.

शनिवारी सगळी टेकडी कबारेबेच्या वावरात लोटली. मोदेस्तानं एवासला पाठवून आधीच रांजण आणवला होता आणि तो झाडाखाली झाकून ठेवला होता. आपणच चुकलोय हे तिनं मनाशी धरलं होतं, पुढचं काय ते माहीत नव्हतं. बितारिहोनं बापाची काठी हातात घेतली. वरच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्यानं सुरुवात केली. एक, दोन, तीन. काठी आडवी टाकत, टोकाला खूण करत तो खाली येत गेला आणि माणसं त्याच्या मागून सरकत गेली. दहा. कबारेबेनं ओठ आवळले. अकरा. बारा.

काठीचं टोक बरोबर खालच्या बांधाच्या काठावर होतं.

"बारा," बितारिहो म्हणाला.

"बारा कसे? परत मोज!"

परत मोजलं. बारा. कबारेबेनं काठी हिसकावून घेतली, डोळ्यांजवळ धरली. "काठी ओल खाऊन लांबलीय."

"आजोबा," प्रोविया हळूच म्हणाली, "काठी लांबली असती तर आकडा उलट कमी आला असता."

"मग आखडली असेल!"

लोक हसले. पण बांध तर डोळ्यांसमोर होता, शेळीही धड चालणार नाही असा. दोन काठ्या गेल्या हे आंधळ्यालाही दिसत होतं, आणि वावर तर पुरं भरत होतं. मोदेस्ताचं वावर मोजलं. तिनं दोन काठ्या खाल्ल्या असतील तर चौदा भरायला हवं होतं. बारा भरलं. एवासचं मोजलं, जिच्या बांधाखालून रस्त्याचं गटार दर पावसात लालभडक वाहतं. तेही बारा.

"म्हणजे कोणाचंच काही गेलं नाही!" बितारिहोचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "सगळ्यांचे बारा! कसली चोरी आणि कसलं काय! मोदेस्ता, तुझ्यावर ठपका नाही. रांजण आणलाच आहे तर उघडू या."

सगळ्यांना हायसं वाटलं. कबारेबे गोंधळून हातातल्या काठीकडे बघत उभा होता. रांजणाचं झाकण निघालं. मोदेस्ता निर्दोष ठरली होती, तिची दोन काठी जमीन राहिली होती, तिचं नाव राहिलं होतं. गप्प बसली असती तर त्या दिवशी ती टेकडीवरची सगळ्यात सुखी बाई होती.

"वरचं मोजा," ती म्हणाली.

"वरचं? कोणाचं?"

"बिगिर्वा भाऊजींचं."

बिगिर्वा म्हणजे तिघांतला धाकटा. कबारेबेच्या वरचं वावर त्याचं. तो आळशी होता, म्हणजे आम्ही सगळे त्याला आळशी म्हणायचो. त्याच्या वावरात ज्वारी गुडघ्याच्या वर जात नसे. त्याची स्वतःची आई म्हणायची, ह्याच्या हाताला यश नाही. कोणी म्हणायचं, करणी केलीय. एकोणीस वर्षांपूर्वी बायकापोरं घेऊन तो लॉरीत बसून किबालेला गेला, तिकडे जमीन मिळते म्हणून. तिकडेच वारला. मागे त्याच्या वावरात कोणी गाई चारल्या, मग गाईंनाही चरायला काही उरलं नाही.

बितारिहो नाखुशीनं वर चढला. चाळीस माणसं वर चढली. प्रोवियाच्या कागदावर त्या जागेपुढे सगळ्यात छोटा आकडा होता, पण तो कागद कोणी मागितला नाही. निलगिरीच्या खालून मोजायला सुरुवात झाली आणि काठी टाकायला माती कमी आणि खडक जास्त अशी गत झाली. एक, दोन. दहाव्या काठीचं टोक हवेत गेलं. पुढे पुरुषभर उंचीचा उभा कडा होता, आणि कड्याच्या खाली कबारेबेचं वावर. मध्ये बांध नव्हता. एकही गवताची काडी नव्हती.

"दहा," बितारिहो म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

मोदेस्तानं दिराकडे पाहिलं नाही, पाहायची गरजच नव्हती. सासूनं तिला शिकवलं होतं, तर स्वतःच्या लेकाला शिकवलं नसेल का?

"वीतभरच काढायचो," कबारेबे म्हणाला. "जास्त कधी नाही काढली."

माणसं हळूहळू खाली गेली. रांजण कोणीतरी संपवलाच असणार, रांजण कोणासाठी थांबत नाही. वर खडकावर दोघं म्हातारी बसून राहिली.

"तो आळशी नव्हता," कबारेबे म्हणाला.

"नव्हता."

"येरेमियाचा पाय मोडला होता तेव्हा डोलीचा पुढचा दांडा कोणी धरला होता? चार तास. खांदा कोणाला बदलून दिला नाही." येरेमिया म्हणजे मोदेस्ताचा वारलेला नवरा. ती हे कसं विसरली होती, तिला कळेना. ज्या दिवशी बिगिर्वानं तिच्या नवऱ्याला डोंगर उतरवून दवाखान्यात पोचवलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती त्याला परत आळशी म्हणायला लागली होती.

"आता माती द्यायची म्हटली तर कोणाची कोणाला द्यायची?" कबारेबे विचारत होता. "मी तुझ्याकडून घ्यायची, ह्याला द्यायची. तू सुनेकडून घ्यायची. सुनेनं गटाराकडून घ्यायची? आणि हा तर नाहीच." तो खरंच विचारत होता, पोरानं विचारावं तसं. "सांग ना. तू तरी सांग."

मोदेस्ताला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं. कर्ब कळला, नत्र कळलं, राख हातभर सरकते हे कळलं. ह्या खडकावर बसून त्याचं काय करायचं, ते कुठल्या पिशवीत भरलेलं नव्हतं.

तिला एक सकाळ आठवत होती आणि ती दिराला सांगावी की नाही, हे ठरत नव्हतं. बिगिर्वा जायच्या आदल्या आठवड्यातली. ती शेंगा तोडत होती. तो वरून उतरून तिच्या बांधाशी आला, हातात टोपी, आणि म्हणाला, "वहिनी, माझी माती कमी होतेय. दरसाल कमी होतेय. ती कुठं जाते ते मला दिसत नाही, तुमची नजर चांगली आहे. एकदा वर येऊन बघता का?"

कमरेवर हात ठेवून ती हसली होती. "मातीला काय पाय फुटलेत भाऊजी? खणा जरा मन लावून! मला वेळ नाही, शेंगा वाळून चालल्यात."

तो टोपी घालून वर गेला होता.

मोदेस्ता उठली. कड्याच्या टोकाशी गेली आणि तिनं खाली पाहिलं. कबारेबेचं वावर, तिचं वावर, एवासचं वावर, खाली रस्ता, त्याच्या खाली लव्हाळ्याची काळी दलदल. सगळं एका नजरेत दिसत होतं. इथं उभं राहिलं की माती कुठं जाते, हे कोणालाही दिसलं असतं.

"आले हो भाऊजी," ती म्हणाली.

कबारेबेला वाटलं ती त्याच्याशी बोलतेय. "काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. ती खाली दलदलीकडे बघत राहिली.